‘लॉनचे संपूर्ण अन्न’ : एका पावसाळ्याचा अनुभव

इंदूरच्या राजेंद्रनगरातील आमच्या घरामागे साधारण चाळीस चौरस मीटरची हिरवळ आहे. मुळात ती हरळीची. पण वर्षानुवर्षे तिच्यात रानमेथी, विष्णुक्रांत, नागरमोथा असे बरेच काही आपसूक रुजत गेले. जूनअखेरीस एका रोपवाटिकेतून ‘लॉनचे संपूर्ण अन्न’ असे छापलेले एक किलोचे पाकीट आणले. मागची बारीक अक्षरे वाचल्यावर कळले की आत 46 टक्के नत्र (नायट्रोजन) आहे आणि स्फुरद-पालाशचा (फॉस्फरस-पोटॅशियमचा) पत्ताच नाही. म्हणजे हा देखण्या पाकिटातला युरियाच, आणि ‘संपूर्ण’ या शब्दाशी माझे पहिले भांडण तिथेच सुरू झाले.

अर्ध्या हिरवळीला खत घातले, अर्धी तशीच ठेवली. सूचनेप्रमाणे दर चौरस मीटरला 10 ग्रॅम, महिन्यातून एकदा, असे तीन वेळा. पहिल्या खेपेस पाने ओली असताना दाणे फेकले, त्यामुळे जागोजागी पाती करपली; हा दोष माझा. आपली काळी जमीन अल्कधर्मी असल्याने वर पडून राहिलेल्या युरियातील नत्र अमोनिया होऊन उडून जाते, म्हणून पुढच्या दोन्ही वेळी कोरड्या पात्यांवर खत टाकून लगेच भरपूर पाणी दिले.

हिरवेपणाचे आश्वासन मात्र पाकिटाने पुरेपूर पाळले. दहा दिवसांत हरळी गडद झाली आणि पंधरवड्याने लागणारी कापणी आठवड्यावर आली. सप्टेंबरात मात्र गवत हाताने बाजूला सारून पाहिले, तर तळाशी रानमेथीचे पिवळे, लांबट झालेले चार-दोन तंतू उरले होते, विष्णुक्रांत दिसेना. खत न घातलेल्या भागात त्याची बटणाएवढी निळी फुले सकाळी तशीच उमलत होती.

एका अंगणावरून सिद्धांत मांडण्याचे धाडस मी करणार नाही, पण याचे कारण जुने आणि परिचित आहे. रानमेथीसारख्या शेंगवर्गीय वनस्पती मुळांवरच्या गाठींतून हवेतले नत्र मिळवतात आणि कसहीन जमिनीत त्या जोरावर टिकतात; नत्र सर्वांनाच आयते मिळाले की ही सरशी संपते आणि उंच वाढणारे गवत खालच्यांचा उजेड अडवते. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात खत दिलेल्या गवताच्या तळाशी दिवे लावून उजेड पुरवला, तेव्हा प्रजातींची घट बरीचशी टळली. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे 1856 पासून चालू असलेल्या कुरणप्रयोगात नत्राचा सर्वात मोठा वार्षिक हप्ता हेक्टरी 144 किलो आहे. पाकिटावरची मात्रा तीन महिने पाळली, तर आपण हेक्टरी 138 किलोवर पोहोचतो! तेथील अमोनियम सल्फेट दिलेल्या आणि चुना न घातलेल्या तुकड्यांत जेमतेम दोन-चार प्रजाती उरल्या. त्यात जमीन आम्ल होण्याचाही मोठा वाटा होता. माळव्याच्या चुनखडीयुक्त मातीत ती भीती कमी, सावलीची मात्र तितकीच.

ज्यांना क्रिकेटच्या मैदानासारखी एकजिनसी हिरवळ हवी, त्यांनी हे अवश्य घ्यावे, मात्र निम्म्या मात्रेने. माझ्याकडून पाचपैकी तीन तारे. एक खोट्या नावासाठी कापला, दुसरा दर महिन्याच्या सूचनेसाठी. उरलेले चारशे ग्रॅम न्हाणीमागच्या अळूला थोडे थोडे घालतो आहे, आणि पाने सुपाएवढी झाली आहेत.