‘मलहॉलंड ड्राइव्ह’ की ‘इनलँड एम्पायर’? लिंच पाहायला सुरुवात करणाऱ्यांसाठी एक तुलना

अमेरिकी दिग्दर्शक डेव्हिड लिंच यांच्या चित्रपटांबद्दल समीक्षकांत आणि प्रेक्षकांत कधीच एकमत नव्हते, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यांच्या निधनानंतर झालेल्या गौरवानेही हा मतभेद मिटलेला नाही. त्यांच्या प्रयोगशील कामाची ओळख करून घ्यावी असे ज्याला वाटते, त्याच्यापुढे बहुधा दोन नावे येतात : २००१ मधील ‘मलहॉलंड ड्राइव्ह’ आणि २००६ मधील ‘इनलँड एम्पायर’. दोन्ही चित्रपट हॉलिवूडमधील अभिनेत्रींविषयी आहेत, दोन्हींत एकच नटी एकाहून अधिक व्यक्तिरेखांमध्ये विरघळत जाते, आणि दोन्हींचा अर्थ सांगण्यास दिग्दर्शकाने नकार दिला. असे असूनही ‘मलहॉलंड ड्राइव्ह’ला बीबीसीने २०१६ मध्ये घेतलेल्या समीक्षकांच्या कौलात एकविसाव्या शतकातील सर्वोत्तम चित्रपटाचे स्थान मिळाले, तर ‘इनलँड एम्पायर’च्या बाबतीत लिंच यांचे निष्ठावंत चाहतेसुद्धा आपसांत वाद घालतात.

एकाची कथा कळते आणि दुसऱ्याची कळत नाही, असे या फरकाचे कारण नेहमी दिले जाते. ते मला अपुरे वाटते. खरे कारण दोन्ही चित्रपट ज्या परिस्थितीत तयार झाले, तिच्यात शोधावे लागते. ‘मलहॉलंड ड्राइव्ह’ हा मुळात एबीसी या अमेरिकी वाहिनीसाठी केलेला मालिकेचा पहिला भाग होता आणि वाहिनीने तो १९९९ मध्ये नाकारला. पुढे फ्रान्सच्या स्टुडिओकॅनालने पैसा पुरवला, लिंच यांनी नवे प्रसंग चित्रित केले आणि अर्धवट राहिलेल्या मालिकेला शेवट मिळाला. त्यामुळे चित्रपटाच्या पूर्वार्धात दूरचित्रवाणीला लागणारी सगळी सामग्री हजर आहे : स्मृती गमावलेली स्त्री, तिला मदत करणारी उत्साही नवोदित नटी, बड्या लोकांच्या दबावाखाली आलेला दिग्दर्शक आणि पुढच्या भागाची ओढ लावणारी रहस्ये. उत्तरार्धात ही सगळी मांडणी उलटते, पण उलटण्यासाठी आधी काही उभे असावे लागते आणि ते येथे भक्कमपणे उभे आहे.

‘इनलँड एम्पायर’ला असे कोणतेच बंधन नव्हते. संपूर्ण पटकथा न लिहिता, एकेक प्रसंग सुचेल तसा लिहून तो चित्रित करत लिंच पुढे गेले. कॅमेरा सोनीचा पीडी-१५० हा छोटा डिजिटल कॅमेरा होता आणि चित्रीकरणाचा काही भाग पोलंडमधील वुच शहरात झाला. २००२ च्या सुमारास त्यांनी इंटरनेटसाठी केलेल्या लघुपटांतील सशांचे मुखवटे घातलेली पात्रेही यात आली आहेत. लॉरा डर्नने साकारलेली अभिनेत्री एका चित्रपटात भूमिका स्वीकारते. तो एका अपूर्ण पोलिश चित्रपटाचा नवा अवतार आहे आणि मूळ चित्रपटातील प्रमुख कलाकारांचा खून झालेला असतो. एवढे सूत्र पहिल्या तासाभरात हाती लागते आणि नंतर सुमारे तीन तासांचा चित्रपट ते सोडून देतो. म्हणजे वादाचा मुद्दा असा ठरतो की लिंच यांना पूर्ण मोकळीक मिळणे त्यांच्या कलेला मानवते की नाही. विरोधकांच्या मते येथे दिग्दर्शकाला अडवणारे कोणीही नव्हते, म्हणून तीन तासांत एक तास फुकट गेला आहे. समर्थकांच्या मते स्वप्नाला पटकथेची शिस्त लावली की ते स्वप्न उरत नाही. अमेरिकेच्या नॅशनल सोसायटी ऑफ फिल्म क्रिटिक्सने या चित्रपटाला प्रयोगशील चित्रपट म्हणून खास गौरवले.

मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते, मात्र सारख्या प्रमाणात नाही. चित्रपटाचा मधला भाग सैल आहे, हे मान्य करायला हवे. पण छोट्या डिजिटल कॅमेऱ्याने टिपलेली त्याची दृश्ये ‘कुरूप’ दिसतात, हा आक्षेप मला पटत नाही. त्या जुन्या डिजिटल प्रतिमेतील काळोख गढूळ आहे, चेहरे भिंगाजवळ येऊन वाकडे होतात, आणि डर्नचा भेदरलेला चेहरा इतक्या जवळून पाहताना आपण चोरून पाहत आहोत असे वाटू लागते. फिल्मच्या देखण्या प्रतिमेत ही अस्वस्थता आली नसती. डर्नचा अभिनय हा तर हा चित्रपट पाहण्याचे स्वतंत्र कारण आहे. तिला ऑस्करचे नामांकन मिळावे म्हणून लिंच एक जिवंत गाय घेऊन रस्त्याच्या कडेला बसले होते. नामांकन मिळाले नाही, तरी त्यांचा आग्रह अनाठायी नव्हता.

‘मलहॉलंड ड्राइव्ह’मध्ये नवोदित नटी साकारणाऱ्या नेओमी वॉट्सचा निवडचाचणीचा प्रसंग पाहावा. तेच संवाद ती आधी घरी सरधोपटपणे म्हणते आणि नंतर परक्या पुरुषासमोर अशा आवेगाने म्हणते की प्रेक्षक चकित होतो. क्लब सिलेन्सिओ या चित्रपटातील नाट्यगृहात गायिका कोसळते आणि गाणे चालूच राहते. सगळे ध्वनिमुद्रित आहे, असे आधीच बजावलेले असूनही डोळे भरून येतात. लिंच यांच्याविषयी साशंक असलेल्यांनाही या चित्रपटाने जिंकले : समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी १९८६ च्या ‘ब्लू व्हेल्व्हेट’ला एकच तारा दिला होता, ‘मलहॉलंड ड्राइव्ह’ला मात्र पूर्ण चार दिले.

म्हणून पहिला चित्रपट कोणता, याविषयी माझ्या मनात शंका नाही : ‘मलहॉलंड ड्राइव्ह’, आणि तोही कोणतेही स्पष्टीकरण न वाचता. ‘इनलँड एम्पायर’च्या बाबतीत उलट सल्ला द्यावासा वाटतो. पोलिश चित्रपटाचे सूत्र आधी माहीत असले तर काहीच बिघडत नाही, उलट थोडा आधार मिळतो. तो मोबाइलवर किंवा तुकड्यातुकड्यांनी पाहू नये, कारण छोट्या पडद्यावर त्यातील काळोखात काहीच दिसत नाही आणि खंड पडला की त्याची पकड सुटते. लिंच यांच्या देखरेखीखाली तयार झालेली २०२२ मधील सुधारित प्रत मिळाल्यास तीच निवडावी.

या दोहोंच्या मध्ये त्यांचा पहिला चित्रपट, १९७७ मधील कृष्णधवल ‘इरेझरहेड’, ठेवता येतो. पैशाच्या अडचणीमुळे तो काही वर्षे रेंगाळत पूर्ण झाला. त्यातही कथा नावापुरतीच आहे, यंत्रांची घरघर संवादांपेक्षा अधिक बोलते, पण लांबी जेमतेम दीड तास आहे. त्यातील विद्रूप बाळाचे रडणे ज्याला असह्य होईल, त्याने ‘इनलँड एम्पायर’चे तीन तास स्वतःवर लादून घेऊ नयेत, ज्याला ते रडणे थांबल्यानंतरही चित्रपट सुरू राहावा असे वाटेल, त्याने पुढच्याच मोकळ्या रात्री तो लावावा.