स्नोमोबाईलचं इंजिन उन्हाळाभर ठेवायचंय: टाकी भरलेली की रिकामी, तेल इनटेकमधून की प्लगमधून?

बर्फ वितळला की स्नोमोबाईल सहा-आठ महिने एका जागी उभी राहते. या काळात इंजिनाला दोन आजार जडू शकतात, आणि बहुतेक जण काळजी करतात ती पहिल्याचीच. पहिला इंधनाचा. पेट्रोल शिळं होतं, हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्याचं चिकट किटण बनतं आणि कार्ब्युरेटरमधले (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागातले) जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक भोकं, बुजतात. दुसरा गंजाचा, तो आत क्रँकच्या (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगला धरतो. किटण कार्ब्युरेटर उघडून धुता येतं. बेअरिंगच्या रोलरवर एकदा खड्डे पडले की मात्र अख्खं इंजिन उघडून क्रँक बदलावा लागतो. त्यामुळे हाताशी वेळ थोडाच असेल तर तो आधी गंजाच्या बंदोबस्ताला द्या.

पेट्रोल: भरून ठेवायचं की काढून टाकायचं?

इंजेक्शनवालं (कार्ब्युरेटरऐवजी दाबाने पेट्रोल फवारणारं) इंजिन असेल तर टाकी भरूनच ठेवा. पंप सहसा टाकीतच असतो आणि लाइन दाबाखाली बंद असते. कितीही उपसलं तरी पंपात, लाइनमध्ये आणि इंजेक्टरमध्ये थोडं पेट्रोल उरतंच. तेच तिथे सुकून पुढे त्रास देतं.

कार्ब्युरेटर असेल तर खरी निवड करावी लागते. फ्लोट बाऊलला, म्हणजे कार्ब्युरेटरखालच्या पेट्रोलच्या छोट्या वाटीला, हवेची वाट उघडी असते, त्यामुळे पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि जड भाग तळाशी बसतो. हंगामानंतर तसाच सोडलेला बाऊल उघडला तर तळाशी हिरवट-तपकिरी थर दिसतो, त्याला कुजकट आंबूस वास येतो. पायलट जेट काढून उजेडासमोर धरा: अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचं ते भोक, आणि त्यातून पलीकडचं काहीच दिसत नाही. म्हणून कार्ब्युरेटरवाल्यांसाठी मधला मार्ग सर्वांत चांगला. टाकी स्टॅबिलायझर (पेट्रोल शिळं होऊ न देणारं रसायन) घालून भरलेली आणि बाऊल रिकामे.

बाऊल रिकामा करताना टाकीतून येणाऱ्या पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचा मोह होतो. तो टाळा. जेटच्या तोंडाखालचं पेट्रोल बाऊलमध्ये राहतंच, शिवाय शेवटच्या काही सेकंदांत मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त होते. प्रीमिक्सवर, म्हणजे तेल आधीच मिसळलेल्या पेट्रोलवर, चालणाऱ्या टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर तेलही आटतं. कॉक बंद करा, ड्रेन स्क्रू सोडा, पेट्रोल डब्यात घ्या.

टाकी पूर्ण रिकामी करणं कधी योग्य? पेट्रोल आधीच शिळं असेल, गाडी दोन हंगाम उभी राहणार असेल, किंवा ठेवायच्या जागेत गॅसचा हीटर वा दुसरी उघडी ज्योत असेल तर. नाही तर रिकाम्या टाकीत रबरी सील सुकून आकसतात आणि पुढच्या हंगामात कॉकपाशी किंवा फ्लोटच्या सुईपाशी गळती सुरू होते.

भरायचंच ठरलं तर आधी स्टॅबिलायझर ओता आणि त्यावर पेट्रोल भरा, म्हणजे ते आपोआप मिसळतं. बऱ्याच स्टॅबिलायझरचं प्रमाण १० लिटरला ३० मिलीच्या आसपास असतं, पण बाटलीवर लिहिलेलं प्रमाणच पाळा. टाकी साधारण ९५ टक्के भरा. उन्हाळ्यात पेट्रोल फुगतं, त्याला जागा हवी. मग इंजिन दहा मिनिटं चालवा, नाही तर स्टॅबिलायझर टाकीतच राहतं आणि जेटमध्ये जुनंच पेट्रोल उरतं. शिळं झालेलं पेट्रोल स्टॅबिलायझरने ताजं होत नाही, म्हणून शेवटची भर ताज्या पेट्रोलचीच हवी.

इथेनॉलविरहित पेट्रोल मिळत असेल तर तेच घ्या. १० टक्के इथेनॉलचं पेट्रोल साधारण अर्धा टक्का पाणी पोटात घेतं, म्हणजे ४० लिटरच्या टाकीत जेमतेम २०० मिली. त्यापुढे पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतात, आणि इंजिनाकडे जाणारं पेट्रोल तळातूनच उचललं जातं.

फॉगिंग: इनटेकमधून की प्लगच्या भोकातून?

आता गंजाचं. त्यावरचा उपाय म्हणजे फॉगिंग: इंजिनाच्या आत चिकट तेलाचा फवारा मारणं, एक तर इनटेकमधून (हवा आत जायच्या वाटेने) किंवा स्पार्क प्लग काढून त्याच्या भोकातून. टू-स्ट्रोकमध्ये तेलाचं कुंड नसतं. क्रँकच्या बेअरिंगला मिळतं ते बहुतांशी हवा-पेट्रोलच्या मिश्रणातून आलेलं तेल. इंजिन थांबलं की ते हळूहळू खाली ओघळतं आणि रोलरचा वरचा भाग उघडा पडतो. रात्री धातू थंड होतो, सकाळी ऊबदार दमट हवा आत शिरते आणि थंड पृष्ठभागावर दव धरतं. रोलर जिथे बेअरिंगच्या रिंगला टेकतो तिथे केसासारखी बारीक तपकिरी रेघ उमटते. तिथूनच खड्डा पडायला सुरुवात होते, आणि बेअरिंग खडखडायला लागतं ते भर हंगामात.

प्लगच्या भोकातून तेल घालणं सोपं आहे. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन सेकंद फॉगिंग ऑइल फवारा, किल स्विच ‘इंजिन बंद’वर ठेवून आणि प्लगच्या कॅप अर्थ करून (इंजिनाच्या धातूला जोडून) दोरी सावकाश तीन-चार वेळा ओढा. कॅप मोकळ्या सोडून इंजिन फिरवलं तर इग्निशनचं युनिट जळू शकतं. या पद्धतीने सिलिंडर आणि पिस्टनच्या रिंगा वाचतात, पण तेल खाली बेअरिंगपर्यंत पुरेसं पोचत नाही. ‘अजून थोडं’ म्हणून भरपूर ओतलं तर ते पिस्टनच्या डोक्यावर साचतं आणि पुढे प्लग लावून फिरवताना इंजिन अडकतं. द्रव दाबला जात नाही, वाकतो तो कनेक्टिंग रॉड.

इनटेकमधून फॉगिंगला जास्त खटपट आहे, पण टू-स्ट्रोकसाठी आमची पसंती यालाच. गाडी उघड्यावर आणा, कारण धूर प्रचंड होतो आणि बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. मागची बाजू स्टँडवर उचला. इंजिन गरम करून आयडलवर ठेवा, एअरबॉक्स (इनटेकवरचा हवेचा डबा) काढा आणि प्रत्येक कार्ब्युरेटरमध्ये आळीपाळीने फवारा मारा. सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येऊन इंजिन दबू लागलं की शेवटचा मोठा फवारा मारून बंद करा. मग प्लगच्या भोकातून आधी सांगितलेला फवारा द्या, म्हणजे वरचा भागही झाकला जातो.

पातळ, पाणी हटवणारे सर्वसाधारण स्प्रे फॉगिंग ऑइलच्या जागी चालत नाहीत. ते लवकर ओघळतात; फॉगिंग ऑइल चिकटून राहावं म्हणूनच बनवलेलं असतं.

डायरेक्ट इंजेक्शनच्या काही टू-स्ट्रोकमध्ये साठवणीचा मोड असतो. मॅन्युअलप्रमाणे तो चालू केला की इंजिन स्वतःच जादा तेल घेतं आणि बंद होतं. अशा इंजिनात तोच वापरा. फोर-स्ट्रोकमध्ये कुंडातलं जुनं तेल बदलणं महत्त्वाचं, कारण त्यात आम्ल आणि ओल साठलेली असते. तेल आणि फिल्टर बदलून इंजिन थोडं चालवा, मग प्लगमधून हलका फवारा पुरे. इनटेकमधून फवारू नका, सेन्सर माखतात.

महिन्यातून एकदा सुरू करणं

अनेकांना हा सर्वांत सोपा पर्याय वाटतो, पण तो सर्वांत वाईट आहे. पाच मिनिटांत इंजिन पुरतं तापत नाही, जळण्यातून तयार झालेली वाफ आतच थंड होऊन पाणी होते, आणि घातलेलं फॉगिंग ऑइलही धुऊन निघतं. एकदा बंद केलं की हंगाम येईपर्यंत हात लावू नका.

क्रम चुकवू नका: स्टॅबिलायझर, दहा मिनिटं इंजिन, फॉगिंग, मग बाऊल रिकामा. बाऊल आधी सोडला तर फॉगिंगसाठी इंजिन चालायचं कसं? ड्राइव्ह बेल्ट सगळ्यात शेवटी काढा. बेल्टशिवाय इंजिन चालवल्यास क्लच खराब होतो. इनटेक आणि सायलेन्सरचं तोंड कापडाने बंद करा, नाही तर उंदीर एअरबॉक्समध्ये घरटं करतात. कापडाची लाल चिंधी हँडलला बांधा, म्हणजे सुरू करण्याआधी बोळे काढायची आठवण राहील. प्लग मात्र जुनेच लावून ठेवा. पहिल्या सुरुवातीला आतलं तेल जळताना ते माखणारच. धूर ओसरला की नवे बसवा.