कम्युनिटी कॉलेज: वर्षभरातच निघावं की 60 युनिट्स पुरी करावीत?

कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजचं, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजचं, पहिलं वर्ष संपत आलं, की हा प्रश्न समोर येतोच: आताच चार वर्षांच्या विद्यापीठात ट्रान्सफर घ्यावी, की दोन वर्षांची 60 युनिट्स (क्रेडिट्स) पुरी करून? राज्यातल्या रहिवाशांना युनिटमागे 46 डॉलर फी, म्हणून पैशांचा ताण कमी. पण मित्रमंडळी मोठ्या विद्यापीठात गेलेली असतात आणि आपण मागे राहिलो असं वाटत राहतं. मी दुसरं वर्षही तिथेच काढलं, तेव्हा माझा कल आधीच सांगितलेला बरा.

लवकर जाण्याचा फायदा खराच आहे. प्राध्यापकांशी ओळख, लॅबमधलं काम, मैत्री हे सगळं पहिल्या दोन वर्षांत जमतं. तिसऱ्या वर्षी गेल्यावर आधीच जमलेल्या घोळक्यांत शिरणं मला जड गेलं. मात्र यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) आणि कॅल स्टेट (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) ही राज्याची सरकारी विद्यापीठं ट्रान्सफरवाल्यांना मुख्यतः तिसऱ्या वर्षालाच घेतात. म्हणजे वर्षभरात निघायचं तर बहुधा खासगी किंवा राज्याबाहेरची विद्यापीठं उरतात, आणि युनिट्स कमी असली की तिथे बरेचदा हायस्कूलचे मार्कही पाहतात.

माझा निर्णय फिजिक्समुळे झाला. इंजिनिअरिंगसाठी आमच्याकडे ते तीन सेमिस्टरचं होतं आणि सुरू करायला आधी कॅल्क्युलस लागायचं. कॉलेजचा कोणता कोर्स सरकारी विद्यापीठात कशाच्या बदल्यात धरतात, हे असिस्ट नावाच्या साइटवर दिसतं. तिथे माझं कॉलेज आणि मला हवं ते विद्यापीठ निवडलं, तर तिन्ही कोर्स एकाच कंसात, मध्ये ‘अँड’. तिन्ही झाले तरच पलीकडची अख्खी मालिका झाली असं धरणार. अर्धवट नेले तर युनिट्स इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय) म्हणून जमा होतील, पण फिजिक्स पुन्हा पहिल्यापासून. खासगी विद्यापीठांचा तर असिस्टवर तक्ताच नसतो. वर्षभरात गेलेल्या माझ्या एका मित्राची सगळी युनिट्स ‘मान्य’ झाली, तरी मेजरचे (मुख्य विषयाचे) कोर्स त्याला परत करावे लागले. झालेला अभ्यास पुन्हा पैसे भरून करायचा, हे मला काही पटेना.

थांबण्याचं फळही आहे. डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहा यूसी कॅम्पससाठी, अटी पुऱ्या केल्या तर, टॅग, म्हणजे प्रवेशाची हमी मिळते. अर्ज सप्टेंबरमध्ये आणि एकाच कॅम्पसला करता येतो. काही मेजर्स त्यात नसतात, तेवढं आधी बघून घ्या. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो टॅग देत नाहीत. कॅल स्टेटकडे जायचं असेल तर ट्रान्सफरची असोसिएट डिग्री (कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची पदवी) घ्या. तिने सीट नक्की होते, कॅम्पस मनासारखा मिळेलच असं नाही.

इतिहास किंवा साहित्यासारखं मेजर असेल, मालिकांची भानगड नसेल आणि कोणते कोर्स मेजरमध्ये धरणार हे नव्या विद्यापीठाने लेखी दिलं असेल, तर वर्षभरात जायला हरकत नसावी. पण ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा पहिला भाग इथे आणि दुसरा तिथे, असं मी तरी कुणाला सुचवणार नाही.