प्रेस भट्टीचे अकरा महिने आणि इतवारीची चांदी

प्रेस भट्टीचा, म्हणजे साच्यात सिरॅमिक दाबून दात बनवायच्या भट्टीचा, हा अनुभव मे महिन्यात लिहिला असता तर नुसत्या शिव्या असत्या. तेव्हा अर्धा लिहूनही ठेवला होता. आता सप्टेंबर आहे, डोकं थंड आहे, त्यामुळे थोडं खरं लिहिता येईल. भट्टीच्या कंपनीचं नाव घेत नाही. पुढे वाचाल तर कळेल, या भांडणात मीही काही धुतल्या तांदळासारखा नव्हतो.

माझी दात बनवायची लॅब नागपुरात धंतोलीत, दोन खोल्यांची. मी, एक सिरॅमिकवाला आणि एक शिकाऊ पोरगा. आधी पीएफएम (धातूवर सिरॅमिक चढवलेले दात) आणि बाहेरून मिल करून, म्हणजे मशीनवर कोरून, आणलेलं झिर्कोनिया हे कडक सिरॅमिक, एवढंच काम होतं. ई-मॅक्सच्या, म्हणजे प्रेस करायच्या काचेसारख्या सिरॅमिकच्या, केसेस आल्या की वॅक्स-अप (मेणाचा दात) करून दुसऱ्या लॅबला प्रेस करायला द्यायच्या, त्यांच्या सवडीने परत यायची वाट बघायची. गेल्या ऑक्टोबरमध्ये डेमोला वापरलेली प्रेस भट्टी स्वस्तात मिळाली. व्हॅक्यूमचा पंप नवा घेतला, बर्नआऊटची, म्हणजे साच्यातलं मेण जाळून काढायची, भट्टी होतीच.

पहिले सात महिने तक्रारीला जागा नव्हती. वॅक्सचं वजन करा, ०.७५ ग्रॅमच्या आत असेल तर छोटा इंगॉट (सिरॅमिकची वडी), वर गेलं तर मोठा इंगॉट आणि २०० ग्रॅमची रिंग, म्हणजे मेणाभोवती ओतलेला साचा. ८५० अंशांवर बर्नआऊट, रिंग बाहेर काढली की थंड इंगॉट, थंड प्लंजर (सिरॅमिक दाबणारा दांडा), आणि पटकन भट्टीत. हे या धंद्यातल्या सगळ्यांना माहीतच आहे.

मग मे उजाडला. एका आठवड्यात तीन रिंगा अशा निघाल्या की इन्व्हेस्टमेंट (साच्याचा मसाला) उडवल्यावर दातांवर पांढरा थर जाडच्या जाड. नेहमी तो थर ॲसिडच्या लिक्विडमध्ये अल्ट्रासॉनिकला ठेवला की सुटतो, उरलेला अल्युमिनियम ऑक्साईडने हलका मारला की साफ. या वेळी अर्धा तास ठेवूनही ढिम्म. घासायला गेलो तर वरच्या समोरच्या दाताचं मार्जिन (कड) कपचीसारखं उडालं. पेशंट डॉक्टरांच्या खुर्चीत, डॉक्टर फोनवर. ते चिडले की एकदम शुद्ध मराठी बोलतात, तसं बोलले.

थर जाड म्हणजे भट्टी जास्त तापते, हा माझा हिशोब. स्क्रीन ९२० दाखवते, आत ९५० असणार. आकडा खोटा आहे, हे डोक्यात बसलं ते बसलंच. तीन दिवस मी दुसरा विचारच केला नाही.

भट्टीचं तापमान चांदीने तपासतात. शुद्ध चांदी ९६२ अंशांना वितळते, त्या आकड्याच्या खाली तार तशीच राहायला हवी. कंपनीचं कॅलिब्रेशन किट याच तत्त्वावर चालतं, पण त्याची किंमत ऐकली आणि मी गाडी काढून इतवारीत सराफ्यात गेलो. चांदीची तार घेतली, अगदी थोडी. ट्रेवर ठेवली, प्रेस न करता भट्टी ९४० पर्यंत नेली. उघडून बघतो तर तार नाहीच. साबुदाण्याएवढी चकचकीत गोळी.

काय आनंद झाला सांगू! नुकसान झालेल्या माणसाला आपलं म्हणणं खरं ठरल्याचा जो आनंद होतो, तो. म्हणजे भट्टी निदान २२ अंश जास्त तापते, पुरावा हातात. सर्व्हिसला फोन लावला. तिकडून ठरलेलं उत्तर: सर, किट मागवा, नाहीतर माणूस पाठवतो. माणसाची फी वेगळी, मुंबईहून येण्याजाण्याचं वेगळं, राहायचं वेगळं. चाळीस मिनिटं भांडलो. डेमो पीस म्हणून गळ्यात खराब माल मारला, इथपर्यंत बोललो. शेवटी त्यांनी एका इंजिनिअरला फोन दिला. तो शांतपणे म्हणाला, "सर, चांदी कुठली?"

"इतवारीची."

"तसं नाही सर. किती टक्के?"

मी गप्प. दुसऱ्या दिवशी परत सराफ्यात. दुकानातले काका माझ्याकडे बघून हसले. "भाऊ, पूर्ण टंचाची तार कोन ओढते? लेचीपेची होऊन जाते ना ते. तारेत तांबं असतेच." ती ९२.५ ची चांदी होती. तांब्याच्या भेसळीमुळे ती ९०० च्या आतच पाणी होते. ९४० ला तिची गोळी झाली नसती तरच भट्टीत खोट धरायला हवी होती. एवढं शाळेतही शिकवतात, आणि मी सकाळ-संध्याकाळ धातू आणि सिरॅमिकच हाताळतो.

काकांकडून ९९.९ चा छोटा तुकडा घेतला, हातोडीने पातळ केला, पट्ट्या कापल्या. ९५५ ला पट्टी जशीच्या तशी. ९६६ ला गोळी. म्हणजे भट्टी बिचारी बरोबर होती.

तर मग तो थर? पुढची रिंग लावताना मी पोराच्या मागे उभा राहिलो, काही न बोलता. त्याने वॅक्सचं वजन बरोबर घेतलं. प्लंजरला सेपरेटर पावडर लावली. रिंग ठेवली, भट्टीचं डोकं (वरचा उघडणारा भाग) बंद केलं आणि स्टार्ट दाबलं. म्हटलं, प्रोग्राम? तर म्हणे, "दादा, तो तर लागूनच राह्यते."

रिंग १०० ची होती. स्क्रीनवर २०० चा प्रोग्राम होता, आदल्या दिवशीच्या ब्रिजचा, म्हणजे एकत्र जोडलेल्या दातांचा. छोट्या रिंगला मोठ्या रिंगचा वेळ मिळत होता. सिरॅमिक त्या तापमानात जास्त वेळ राहिलं की इन्व्हेस्टमेंटशी जास्त रिॲक्ट होतं, आणि थर जाड होतो. मेच्या त्या आठवड्यात ब्रिजची कामं जास्त आली होती, म्हणून तेव्हाच हे झालं. त्याआधी नशीब.

इथे मी पोराला बोललो नाही. कारण खरा राग मला या स्क्रीनचा आहे, आणि तो अजून गेलेला नाही. ही भट्टी प्रत्येक गोष्टीला पी-पी करते. डोकं उघडलं, पी. तापमान उतरलं, पी. स्क्रीनचा उजेड कमी-जास्त केला तर "नक्की करायचं का?" विचारते. पण रिंग १०० ची की २०० ची, हे विचारत नाही. कालचाच प्रोग्राम निमूट समोर ठेवते, आणि तो आजचा आहे असंच वाटतं. एकदा विचारायला काय जातं? त्या एका प्रश्नावर माझे आठ दात वाचले असते. हे मी इंजिनिअरला बोललो तर म्हणाला, "सर, फीडबॅक पुढे पाठवतो." तीन महिने झाले, अजून पाठवतच असेल.

बाकी नागपूरच्या उन्हाळ्याचं दोन ओळीत लिहितो, कारण पुण्या-मुंबईच्या लोकांना हे कळणार नाही. मेमध्ये फळीवर ठेवलेलं इन्व्हेस्टमेंटचं लिक्विड हाताला कोमट लागतं. तसंच घोटलं तर ओतेपर्यंतच घट्ट व्हायला लागतं, आणि मग रिंगेत बारीक भेग, भेगेत सिरॅमिकचा पापुद्रा. त्यासाठी जुना फ्रिज आणला. खालच्या कप्प्यात ठेवायचं, हे सांगितलं होतं. एकदा गर्दीत बाटली फ्रीजरमध्ये गेली. लिक्विडमध्ये सिलिका असते, गोठलं की गाठी धरतं. बाटली नाल्यात. दुसरं म्हणजे कूलर. आपल्याकडे कूलरशिवाय काम होत नाही, पण त्याची ओल भट्टीच्या आतल्या अस्तरात मुरते आणि व्हॅक्यूम नीट धरत नाही. आता रात्री डोकं बंद ठेवतो आणि आठवड्यातून एकदा ओल काढायचा प्रोग्राम चालवतो. कूलरचं तोंड दुसऱ्या खोलीकडे फिरवलंय. सिरॅमिकवाला त्यावर नाराज आहे.

आता ज्यासाठी भट्टी घेतली ते. जूनमध्ये एका नवरीचे समोरचे सहा व्हिनियर (दातांवर चिकटवायची पातळ कवचं) केले. लग्न आठ दिवसांवर. सगळे मेणात हाताने, दाताच्या चावणाऱ्या कडेची बारीक लाट, शेजारच्या दातावरची रेघसुद्धा. मिलिंगचं बर (कोरायचं टोक) कुठे कुठे पोचत नाही, पण मेणात जे कोरलं ते प्रेसमध्ये तसंच उतरतं. डायवर (पेशंटच्या दाताच्या नमुन्यावर) बसवलं तेव्हा मार्जिनवर नख अडकलं नाही. डॉक्टरांनी फोन केला आणि या वेळी मराठी साधीच होती. म्हणाले, बसवताना काही घासावं लागलं नाही. अशी दहा कामं आली की मेमधले दात विसरायला होतं. विसरलो नाही तो भाग वेगळा.

एक कबुली. प्रेस झाल्यावर उरलेलं बटण (सिरॅमिकचा उरलेला गोळा) परत वापरता येतं का, हे करून पाहिलं. चिकटपणा माझा. कंपनी नाही म्हणते, मलाही आता नाहीच म्हणावंसं वाटतं. रंग जरा मेला. पेशंटला दिलं नाही, कपाटात पडलंय. आणि दाढेच्या ब्रिजला ई-मॅक्स द्या म्हणणाऱ्या डॉक्टरांना सरळ झिर्कोनिया सांगतो, तिथे उगाच हो म्हणू नये.

वार्षिक सर्व्हिसचा करार अजून केलेला नाही. परवा तोच इंजिनिअर फोनवर होता. विचारलं, चांदीची गोष्ट लिहू का? म्हणाला, "लिहा सर, पण किटचंही लिहा." लिहिलं. किट घेतलेलं नाही. काकांकडचा तुकडा दीड ग्रॅम उरलाय, पट्ट्या बारीक कापल्या तर दोन वर्षं पुरेल. स्क्रीनच्या खाली पोराने स्वतःच स्केचपेनने लिहिलंय: शंभर का दोनशे? ती चिठ्ठी गरमीने पिवळी पडली की तो नवीन चिकटवतो.