क्लिनिकल एक्सरसाइज फिजिऑलॉजीचं एमएस्सी (यूके): दहा महिन्यांनंतरचा माझा अनुभव

बरेच जण मेसेज करून विचारतायत की कोर्स कसा आहे, घ्यावा का, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. मोठं झालंय, पण ज्याला लोन काढून यायचंय त्याने पूर्ण वाचा.

मी बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवीधर. कोल्हापुरात तीन वर्षं एका हॉस्पिटलच्या कार्डियाक वॉर्डला होते. बायपासच्या पेशंटला दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसवायचं, मग कॉरिडॉरमध्ये चालवायचं, स्पायरोमीटरचे तीन बॉल वर ओढायला लावायचे, खोकताना छातीशी उशी कशी धरायची ते शिकवायचं आणि घरी सोडताना सांगायचं की काका रोज चालत जा. किती? झेपेल तेवढं. एवढंच सांगायचे मी, आणि मला ते पुरेसं वाटायचं. मग एक काका तीन महिन्यांनी फॉलोअपला आले आणि म्हणाले, ताई, तुम्ही चाला म्हणालात पण झेपेल तेवढं म्हणजे किती तेच कळेना, कुठे थांबायचं, भीतीने मी अजून गच्चीवरच फेऱ्या मारतोय. घर पहिल्या मजल्यावर, आणि माणूस तीन महिने खाली उतरला नव्हता, त्या दिवशी आले तेही मुलाने धरून आणलं म्हणून. गोळीचा डोस आपण मिलिग्रॅममध्ये लिहून देतो आणि व्यायामाचा 'झेपेल तेवढा', हे मला तेव्हापासून टोचत होतं. त्यासाठीच हा कोर्स घेतला, पेशंटला व्यायाम मोजून कसा द्यायचा ते शिकवणारा.

कोर्स एक वर्षाचा, १८० क्रेडिटचा, सप्टेंबर ते सप्टेंबर. स्पोर्ट्स सायन्सवाले जास्त, फिजिओ आम्ही चौघं. माझी फी साधारण २२ हजार पौंड, शिवाय व्हिसाबरोबर वर्षाला ७७६ पौंडांचा हेल्थ सरचार्ज. बाबांनी घर तारण ठेवलंय, त्यामुळे खाली पैशांबद्दल जे लिहिलंय ते हलक्यात घेऊ नका.

आधी लॅब, कारण या कोर्सचा जीव लॅबमध्ये आहे. सीपीईटी, म्हणजे सायकलवर बसवून, तोंडाला मास्क लावून, प्रत्येक श्वासातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजत केलेली टेस्ट. पहिले दोन आठवडे आम्हाला कुणी सायकलला हात लावू दिला नाही, नुसतं कॅलिब्रेशन. तीन लिटरची मोठी सिरिंज घ्यायची, फ्लो सेन्सरमधून हवा ढकलायची, हळू, मध्यम, जोरात, आणि स्क्रीनवर तीन लिटरच्या जवळ आकडा येईपर्यंत परत परत. मग सिलेंडरमधला ठरलेल्या टक्क्यांचा गॅस. मला वैताग आला होता, एवढे पैसे भरून सिरिंज ढकलत बसायचं का म्हणून, पण मास्क नाकाच्या बाजूने जरा जरी लीक झाला तर सगळा रिपोर्ट कसा खोटा येतो ते डोळ्यांनी बघितल्यावर गप्प झाले.

मग माझी स्वतःची टेस्ट झाली. मिनिटाला १५ वॅटने लोड वाढत होता. पहिली पाच मिनिटं गप्पा मारत पॅडल मारले, सातव्या मिनिटाला मांड्या भरून आल्या, श्वास असा लागला की मास्क ओढून फेकावासा वाटला, आणि नेमकं तेव्हाच सरांनी बाकीच्यांना स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं की इथे बघा, ऑक्सिजनची रेघ आपल्या चढाने चालली आहे आणि कार्बन डायऑक्साइडची आता तिच्यापेक्षा जास्त चढाने वर निघाली, हा हिचा थ्रेशोल्ड, म्हणजे दम लागायला सुरुवात होते ती पातळी. वॉर्डमध्ये मी हजारदा 'दम लागतोय का' विचारलं असेल. दम लागणं नेमकं कुठल्या वॅटला सुरू होतं हे दिसतं, मोजता येतं, हे मला माहीतच नव्हतं. इथे मोठ्या ऑपरेशनच्या आधी पेशंटची हीच टेस्ट करतात आणि तो थ्रेशोल्ड वजनाच्या किलोमागे मिनिटाला ११ मिलिलिटर ऑक्सिजनच्या खाली असेल तर धोका जास्त धरून तशी तयारी करतात. हा आकडा एकोणीसशे नव्वदच्या दशकातल्या कामातून आलाय.

ट्रेडमिलवरची ब्रूस प्रोटोकॉल आपल्याला नवीन नाही, आपल्याकडची टीएमटी ती हीच, सिॲटलच्या रॉबर्ट ब्रूस यांनी १९६३ च्या सुमाराला बसवलेली. पहिला टप्पा तासाला १.७ मैल आणि १० टक्के चढ, दर तीन मिनिटांनी दोन्ही वाढतात. आपल्याकडे रिपोर्ट आला की सगळे एकच बघतात, पॉझिटिव्ह का निगेटिव्ह. मीही तेच बघायचे. खाली मेट्सचा आकडा छापलेला असतो, तिकडे माझं कधी लक्षच गेलं नाही. एक मेट म्हणजे स्वस्थ बसलेल्या माणसाला लागणारा ऑक्सिजन, किलोमागे मिनिटाला ३.५ मिलिलिटर. २००२ साली अमेरिकेत ट्रेडमिल टेस्टला पाठवलेल्या ६,२१३ पुरुषांवरचा एक अभ्यास आला, त्यात एक मेट क्षमता जास्त असली की जगण्याची शक्यता १२ टक्क्यांनी चांगली दिसली. हे वाचल्यावर मी आईला फोन करून बाबांचा जुना रिपोर्ट शोधायला लावला, फोटो मागवला आणि फक्त तो आकडा बघितला.

आता एक चूक सांगते, कारण फिजिओंकडून ती हमखास होते. प्लेसमेंटच्या, म्हणजे कोर्समधल्या पेशंटबरोबरच्या प्रत्यक्ष कामाच्या, पहिल्या आठवड्यात मला ६८ वर्षांच्या आजोबांचा प्लॅन करायला दिला. मी पाठ असलेलं केलं, २२० वजा वय, १५२, त्याचे टक्के काढले आणि टार्गेट लिहून मोकळी. सुपरवायझरने कागद बघितला, काही बोलली नाही, फक्त विचारलं की त्यांच्या गोळ्यांची यादी वाचलीस का. बिसोप्रोलॉल चालू होतं, म्हणजे नाडी वाढू न देणारी बीटा ब्लॉकर गोळी. त्या माणसाची नाडी टेस्टमध्ये जीव तोडून चालल्यावरसुद्धा ११२ च्या वर गेली नव्हती आणि मी त्यांना त्याच्याच आसपास चालवायला निघाले होते! मग तिने माझ्याकडूनच परत करून घेतलं. बसलेली नाडी ५६, टेस्टमधली कमाल ११२, फरक ५६, त्याचे ४० ते ७० टक्के काढून बसलेल्या नाडीत मिळवायचे, म्हणजे साधारण ७८ ते ९५. माझा पहिला कागद आणि हा कागद शेजारी ठेवले होते तिने. कोल्हापुरात मी बीटा ब्लॉकरवरच्या किती पेशंटना २२० चा हिशेब सांगितला असेल या विचाराने त्या रात्री मला झोप लागली नाही.

रिहॅबचा, म्हणजे हृदयाच्या पेशंटच्या व्यायामाचा, क्लास एका स्पोर्ट्स सेंटरच्या हॉलमध्ये असतो, आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा. सगळ्यात आधी पंधरा मिनिटं वॉर्मअप, आणि त्यात कुणी घाई केलेली चालत नाही, हृदयाच्या रक्तवाहिन्यांना मोकळं व्हायला वेळ द्यायचा म्हणून. भिंतीवर बोर्ग स्केल लावलेला असतो, व्यायाम किती जड जातोय ते सांगायचा, ६ ते २० आकड्यांचा, आणि पेशंटने दर स्टेशनला आपला आकडा सांगायचा, ११ ते १४ मध्ये राहायचं. आमच्याकडे एक गुजराती मावशी यायच्या, इंग्लिश जेमतेम, त्या दर वेळी ९ म्हणायच्या आणि कपाळावरून घाम निथळतोय. इथल्या स्टाफला वाटायचं त्यांना स्केल कळत नाही. मी हिंदीत विचारलं तर म्हणाल्या, बेटा, जास्त सांगितलं तर हे लोक मला काढून टाकतील ना क्लासमधून. मग मी आकडे सोडले आणि म्हटलं, बोलता येतंय का? हो. भजन म्हणता येईल का? नाही. मग बरोबर आहे, एवढंच ठेवा. दुसऱ्या आठवड्यापासून त्या मला लांबूनच हाताने खूण करायच्या, भजन नाही म्हणून. मराठीत या स्केलवरच्या 'समव्हॉट हार्ड'ला काय म्हणायचं यावर मी खूप विचार केलाय. 'थोडं कठीण' हे पुस्तकी वाटतं, आपला माणूस 'जरा जड जातंय' म्हणतो. मी तेच वापरणार.

मला कोर्समध्ये सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट मात्र सगळ्यात स्वस्त आहे. इन्क्रिमेंटल शटल वॉक टेस्ट. सॅली सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेस्टरमध्ये फुफ्फुसाच्या पेशंटसाठी बनवलेली, १९९२ साली छापून आलेली. दोन कोन (रस्त्यावर ठेवतात तसले प्लास्टिकचे शंकू) नऊ मीटर अंतरावर ठेवायचे, वळसा धरून फेरी दहा मीटरची होते (मी पहिल्यांदा मोजून दहावर ठेवले होते आणि सगळ्या टेस्ट परत कराव्या लागल्या, टेपने नीट मोजा). रेकॉर्डिंगवर बीप वाजते, पुढची बीप वाजायच्या आत दुसऱ्या कोनाला पोचायचं. पहिल्या मिनिटात फक्त तीन फेऱ्या, इतकं हळू की पेशंटला अवघडल्यासारखं होतं, आणि मग दर मिनिटाला एकेक फेरी वाढते. बारा लेव्हल, पूर्ण केल्या तर १०२० मीटर. कोनाच्या अर्ध्या मीटरपेक्षा मागे राहिला की टेस्ट संपली. म्हणजे थांबायचं कुठे हे पेशंटने भीतीने ठरवायचं नाही आणि आपण दयेने ठरवायचं नाही, बीप ठरवते. त्या आकड्यावरून चालण्याचा वेग काढून देता येतो. मला गच्चीवरचे काका आठवले. यात सीपीईटीचं महागडं मशीन लागत नाही, टेप, दोन कोन, मोबाईल आणि मोकळी जागा एवढंच.

आता नाराजी. माझ्या कोर्सला प्लेसमेंट फार उशिरा मिळाली, ब्रोशरमध्ये जसं वाचलं होतं तसं नाही. पोलीस व्हेरिफिकेशनचे कागद, लसींचे पुरावे, ट्रेनिंगचे ऑनलाइन तास, यात फेब्रुवारी उजाडला. एका ठिकाणी तीन आठवडे मी फक्त फोन करून पेशंटना अपॉइंटमेंट दिल्या, आणि तिथे जायला दोन बस, सकाळी साडेसहाला थंडीत स्टॉपवर. तक्रार केली तर ईमेलला उत्तर यायला अकरा दिवस लागले. माझा निम्मा उन्हाळा डिझर्टेशनच्या एथिक्स मंजुरीची वाट बघण्यात गेला, त्यामुळे ज्यांना पेशंटवर प्रोजेक्ट करायचाय त्यांनी डिसेंबरातच विषय ठरवून टाका. स्टॅटिस्टिक्स जड जातं, पण शिकवणारे चांगले होते.

सगळ्यात महत्त्वाचं आता. हा कोर्स केला म्हणून तुम्ही यूकेत फिजिओ होत नाही. आपल्याकडचे एजंट हे मुद्दाम गुळमुळीत ठेवतात. इथे फिजिओथेरपिस्ट हे नाव कायद्याने राखलेलं आहे, त्यासाठी एचसीपीसीकडे (इथली नोंदणी करणारी संस्था) परदेशी पदवीधर म्हणून वेगळा अर्ज, वेगळी फी, वेगळी वाट बघणं, आणि ते बीपीटीच्या जोरावर होतं, या एमएस्सीचा त्याच्याशी थेट संबंध नाही. क्लिनिकल एक्सरसाइज फिजिऑलॉजिस्टची नोंदणी अकॅडमी फॉर हेल्थकेअर सायन्सकडे होते आणि ती ऐच्छिक आहे, म्हणून कोर्स निवडताना त्याला त्या नोंदणीसाठी मान्यता आहे का हे युनिव्हर्सिटीला थेट ईमेल करून लेखी घ्या. जागा कमी निघतात, बऱ्याच जाहिराती 'फिजिओ किंवा एक्सरसाइज फिजिऑलॉजिस्ट' अशा असतात आणि व्हिसा स्पॉन्सर करणार का हा प्रश्न वेगळाच. जोडीदाराला घेऊन यायचा विचार असेल तर जानेवारी २०२४ पासून असल्या, म्हणजे संशोधनाच्या नसलेल्या, मास्टर्सला डिपेंडंट आणता येत नाही. टर्ममध्ये आठवड्याला २० तासच काम करता येतं, त्यात भाडं निघतं, हप्ता निघत नाही.

माझी एक बॅचमेट मेलबर्नला आहे, तिच्याशी बोलून कळलं की ऑस्ट्रेलियात चित्र वेगळं आहे. तिथे ॲक्रेडिटेड एक्सरसाइज फिजिऑलॉजिस्ट हा स्वतंत्र पेशा आहे, डॉक्टरच्या प्लॅनवर मेडिकेअरमधून (तिथला सरकारी आरोग्य विमा) वर्षाला पाच सेशनपर्यंत पैसे मिळतात (ती पाच बाकीच्या थेरपींबरोबर वाटून). पण तिथल्या मास्टर्सला बहुतेक ठिकाणी आधीची एक्सरसाइज सायन्सची पदवी मागतात, नुसत्या बीपीटीवर सरळ प्रवेश मिळेल असं धरून चालू नका.

मी घेतलेला निर्णय मला चुकीचा वाटत नाही. पण मी नोकरीसाठी आलेच नव्हते, परत जायचं ठरवून आले होते, आणि वॉर्डचा अनुभव होता म्हणून इथलं प्रत्येक लेक्चर कुठल्या ना कुठल्या पेशंटला जाऊन चिकटत होतं. बीपीटी संपवून लगेच येणाऱ्यांना मी सांगेन, आधी दोन वर्षं कार्डियाक किंवा चेस्टच्या पेशंटबरोबर काढा. आणि फक्त परदेशात सेटल व्हायचं म्हणून येणार असाल तर या विषयात पैसे घालू नका, मनापासून सांगते.

डिझर्टेशन ऑगस्टअखेर सबमिट करायचंय. गेल्या आठवड्यात आमच्या जुन्या वॉर्डच्या मॅडमना मेसेज केला होता की जनरल वॉर्डबाहेरचा कॉरिडॉर जरा मोजून सांगाल का. त्यांनी मावशींना टेपचं एक टोक धरायला लावून मोजला आणि फोटो पाठवला, २२ मीटर, मधे एक स्ट्रेचर आणि पाण्याचा कूलर. सहा मिनिटांच्या वॉक टेस्टला ३० लागतात, तेवढी जागा नाही. शटलला दहा पुरतात. कूलर हलवता येईल का विचारलंय.