जेरंड-पार्टिसिपलची सरावपुस्तिका : सात महिने वापरून

सांगलीत विश्रामबागला माझी आठवी ते दहावीची शिकवणी असते. जूनमध्ये इंग्रजी व्याकरणाची एक सरावपुस्तिका घेतली. नाव सांगत नाही, कारण पुढं तक्रारी आहेत.

आधी चांगलं. वाक्यं भरपूर आहेत, आणि एक पान मराठीतून समजावणारं आहे. त्या पानातच पैसे वसूल! क्रियापदापासून बनलेलं नाम म्हणजे जेरंड, विशेषण म्हणजे पार्टिसिपल. मराठीत अशा धातुसाधित नाम नि विशेषण यांची रूपंच वेगळी, 'पोहणं' आणि 'पोहणारा'. इंग्रजीत दोन्हीकडं 'आयएनजी'. जुन्या इंग्रजीत नामाला 'उंग' किंवा 'इंग' आणि विशेषणाला 'एंडे' लागायचं. पुढं दोन्ही एकात मिसळले आणि आपल्या पोरांच्या मागं लागले. म्हणून शब्द मराठीत आणून बघायचा. 'ड्रिंकिंग वॉटर' म्हणजे प्यायचं पाणी, ते जेरंड. 'रनिंग वॉटर' म्हणजे वाहतं पाणी, ते पार्टिसिपल. 'वॉकिंग स्टिक' पार्टिसिपलच, असं म्हणत एक जण अडून बसला, तर मागून आवाज आला, "काठी चालतीया व्हय रं?" तेव्हापासून कुणी चुकलं की वर्ग नुसता "काठी!" म्हणतो. 'कुकिंग ऑइल'ला मात्र "गोडंतेल" असं उत्तर आलं आणि माझीच पंचाईत झाली.

आता तक्रार. ठळक चौकटीत नियम छापलाय, वाक्य 'आयएनजी'नं सुरू झालं की जेरंड. साफ चूक. चाचणीत 'रनिंग वॉटर इज क्लीन' दिलं, निम्म्या वर्गानं डोळे झाकून जेरंड लिहिलं. आता मी पहिला शब्द बोटानं झाकायला लावते. 'वॉटर इज क्लीन' उरलं, वाक्य टिकलं, म्हणजे झाकलेला शब्द कर्ता नव्हता, पाण्याला जोडलेला होता. 'रीडिंग न्यूजपेपर्स इज यूजफुल'मध्ये 'रीडिंग' झाकलं की 'न्यूजपेपर्स इज' असं लंगडं उरतं. तो एकवचनी 'इज'च चुगली करतो की कर्ता 'रीडिंग' आहे.

उत्तरसूचीत तर 'द बॉय इज स्विमिंग'ला जेरंड म्हटलंय! अहो, तो चालू काळाच्या क्रियापदाचा भाग, तिथंही पार्टिसिपलच असतं. प्रकाशकाला फोन केला. "पुढच्या आवृत्तीत बघू मॅडम."

बांधणी दिवाळीतच सुटली. तरी नव्या बॅचसाठी आणखी आठ प्रती आणल्यात. वाटण्याआधी प्रत्येकीच्या उत्तरसूचीच्या पानांना चार-चार स्टेपल मारल्या.