‘उकडे देऊ की सुरय?’ : डिचोलीकडच्या एका दुकानाबद्दल

घरी आम्ही चार माणसं: मी, नवरा, सासूबाई आणि मुलगा. गेलं दीड वर्ष आमचं महिन्याचं सामान ज्या दुकानातून येतं, त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. अडचणीतल्या घरांच्या खात्यात तिथे दर महिन्याला गुण जमा होतात, आणि पैशांऐवजी ते गुण देऊन हवं ते सामान निवडून घेता येतं. दुकानाचं नाव मी लिहीत नाही. ते चालवणाऱ्या बाईंनी तशी विनंती केली आहे. तिथे कोण कोण येतं याची गावात चर्चा होऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं. गोव्यात डिचोलीच्या बाजूला राहणाऱ्यांना वर्णनावरून कळेल. कळावं म्हणूनच लिहिते आहे.

आधी आमची परिस्थिती सांगते, नाहीतर दुकानाचं मोल कळणार नाही. नवऱ्याचा खनिज वाहतुकीचा ट्रक होता. २०१२ साली खाणी थांबल्या तेव्हा कसेबसे तरलो. २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या आणि ट्रक विकावा लागला. मग ते दुसऱ्यांच्या गाड्या चालवायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला, तेव्हापासून ते घरीच आहेत. मी ब्लाउज शिवते. सरकारकडून महिन्याला माझे गृहिणींसाठीच्या गृह आधार योजनेचे १५०० आणि सासूबाईंचे दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे, म्हणजे म्हातारपणाच्या पेन्शनचे, २००० येतात. रेशनवर माणशी ५ किलो धान्य मिळतं, आणि २०२३ च्या जानेवारीपासून तेही मोफत. म्हणजे आमच्या घरी तांदूळ कधी संपला नाही. संपायचं ते बाकीचं: तेल, नारळ, डाळ, साबण, चहाची पूड. महिन्याच्या वीस तारखेनंतर नुसती पेज आणि लोणच्याची फोड, असे दिवस आम्ही काढले आहेत.

मदत त्याआधीही एकदा घेतली होती, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. एका मंडळाने वाड्यावर पिशव्या वाटल्या. पिशवीत पाच किलो गव्हाचं पीठ, दोन किलो साखर, तूरडाळ आणि तेल. देणाऱ्यांच्या मनात वाईट नव्हतं, हे मी आजही म्हणते. पण आमच्याकडे चपात्या आठवड्यातून एकदा होत असतील. सासूबाईंना मधुमेह, त्यामुळे साखर पडून राहिली. नारळ नाही, सोलं (आमसुलं) नाहीत. मग हुमण, म्हणजे आमची नारळाची माशाची आमटी, कशाचं करायचं? त्याहून लागलं ते दुसरंच. पिशवी घ्यायला माझा मुलगा गेला होता. तो तेव्हा आठवीत होता. त्याला पिशवी हातात धरून उभं केलं आणि फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो फोटो व्हॉट्सअॅपवर गावभर झाला. मुलगा बोलला काहीच नाही, पण त्यानंतर बरेच दिवस शेजारच्या मुलांत मिसळला नाही. ते पीठ मळताना मला प्रत्येक वेळी तो फोटो दिसायचा.

म्हणून या दुकानाबद्दल कानावर आलं तेव्हा मी लगेच गेले नाही. तीनदा समोरून चालत गेले आणि परत आले. बाहेरून ते साध्या किराणा दुकानासारखंच दिसतं: दोन खोल्या, भिंतीला लाकडी फळ्या, दाराशी नारळांचा ढीग, वजनकाटा. आणि खरोखरच ते किराणा दुकान आहे. कुणीही जाऊन रोख पैसे देऊन सामान घ्यावं. वाड्यावरचे बरेच जण घेतात, कारण तिथले कुळीथ आणि घरगुती मसाला चांगला असतो. त्या विक्रीतून सुटणारे पैसे आणि काही गावकऱ्यांनी दर महिन्याला बांधून दिलेली रक्कम, यावर आमच्यासारख्या घरांची खाती चालतात. काउंटरवर कार्ड सगळ्यांकडेच असतं. रोखीने घेणाऱ्यांचं कार्डही त्याच रंगाचं. पुढे उभ्या माणसाला समजत नाही की मी पैसे देते आहे की गुण. सुरुवातीला आमची कार्डं गुलाबी होती. दोघीतिघींनी बाईंना सांगितलं की यावरून ओळखू येतं, तेव्हा त्यांनी पुढच्या महिन्याला सगळ्यांचीच बदलली.

नाव घालायला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. बाई निवृत्त शिक्षिका आहेत. त्या आणि आणखी एक काकी आपल्याशी बसून बोलतात. बोलणं मागच्या खोलीत होतं, दार लोटून. घरात कोण आहे, कुणाला कसलं पथ्य, चुलीवर शिजतं की गॅसवर, असे प्रश्न. ‘का नाही जमत?’ असं त्यांनी विचारलं नाही. सहा महिन्यांचं खातं उघडतात, मग पुन्हा बसून बोलायचं. आमच्या शेजारी भाड्याने राहणारं एक कुटुंब बांधकामावर जातं. गृह आधारला गोव्यातला पंधरा वर्षांचा रहिवास लागतो, तो त्यांच्याकडे नाही. इथे त्यांचंही खातं आहे. ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

हिशेब असा: माणशी २०० गुण, म्हणून आम्हाला महिन्याला ८००. प्रत्येक वस्तूखाली रुपये आणि गुण दोन्ही लिहिलेले असतात. डझनभर अंडी ४० गुणांना, नारळ २० ला, उकडे तांदूळ किलोला ३०. डाळी, कडधान्यं, अंडी यांचे गुण मुद्दाम कमी ठेवले आहेत. साखर, बिस्किटं, फरसाण यांचे बाजारभावाएवढेच. पहिल्यांदा मला हे खटकलं होतं. आम्ही काय खावं हे गुण लावून शिकवणार का, असं वाटलं आणि मी ते बाईंना तोंडावर विचारलंही. त्या म्हणाल्या, ‘वहिनी, बिस्किटं फळीवरच आहेत. घेतलीत तर कुणी विचारणार नाही.’ आणि खरंच कधी विचारलं नाही. मुलाच्या वाढदिवसाला मी गुलाबजामाचं पाकीट आणि काजू घेतले, तेव्हा काउंटरवरच्या मुलीने नेहमीसारखेच पिशवीत घातले.

पहिला दिवस मला नीट आठवतो. आत गेले तर काकींनी विचारलं, ‘उकडे देऊ की सुरय?’ म्हणजे उकडा तांदूळ की साधा, एवढाच प्रश्न. पण किती वर्षांनी कुणीतरी मला विचारत होतं की तुझ्या घरात काय शिजतं. रेशनचा तांदूळ जो येतो तो येतो, पिशवीत जे घातलं ते घातलं. घरातली बाई बाजारात उभी राहून ठरवते की आज अळसांद्यांचं तोणाक (चवळीची खोबऱ्याच्या वाटणातली उसळ) की मसुराची आमटी, त्यात तिचं घर चालवणं असतं. ते माझ्या हातातून गेलं होतं. मी फळीसमोर बराच वेळ उभी राहिले. मागे दोघीजणी थांबल्या होत्या, पण घाई कुणी केली नाही. शेवटी पाच किलो उकडे, चार नारळ, अर्धा किलो अळसांदे, एक डझन अंडी, लिटरभर तेल, चहाची पूड आणि चंदनाचे दोन साबण घेतले. ५६५ गुण झाले, २३५ उरले. साबण मी हातात घेऊन दोनदा परत ठेवला होता. साबण घ्यावा की आणखी डाळ, हेच ठरत नव्हतं. त्या रात्री तोणाक केलं. सासूबाईंनी पेज घेताना विचारलं, ‘आज कोण आलंय?’

उरलेले गुण पुढच्या महिन्यात चालतात, पण फक्त एकच महिना. याला एक अपवाद आहे, आणि तो गोव्याच्या माणसालाच सुचेल. मार्च आणि एप्रिलचे उरलेले गुण मे महिन्यात एकत्र वापरता येतात, पुरुमेंतासाठी. बाहेरच्यांना सांगते: पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी मे महिन्यात घरात भरून ठेवायचं सामान म्हणजे पुरुमेंत. सुकी मिरची, चिंच, सोलं, कुळीथ, सुकी मासळी. जून-जुलैत ट्रॉलर बंद असतात, ताजी मासळी महाग होते, आणि पुरुमेंत भरलं नसेल तर पावसात घर उघडं पडल्यासारखं वाटतं. गेल्या मे महिन्यात आमच्याकडे कित्येक वर्षांनी पुरुमेंत भरलं. मिरच्या मी स्वतः निवडल्या, अंगणात तीन दिवस वाळवल्या. सासूबाई खुर्ची टाकून कावळे हाकत बसल्या होत्या.

दुसरी गोष्ट, तिथे नुसतं घ्यायचं नसतं. परसातला शेवगा, केळीचा घड, घरच्या कोंबडीची अंडी, चार मानकुराद आंबे, जे असेल ते घेऊन जावं; वजन करून गुण जमा होतात. माझ्या परसात काही नाही. मी कापडी पिशव्या शिवून देते. दुकानातून माझ्याच पिशवीत सामान भरून नेणारी बाई रस्त्यात दिसली की मला बरं वाटतं.

आता उणिवा. दुपारी एक ते चार दुकान बंद. गोव्यात सगळीच दुकानं तशी, मान्य. पण कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या बायकांना सकाळी जमत नाही, आणि संध्याकाळी सातनंतर परतीची बस नाही. आठवड्यातून एक दिवस तरी दुपारी उघडं ठेवावं, हे मी सांगितलं आहे. अजून झालेलं नाही. फ्रीज नाही, म्हणून दूध-दही मिळत नाही. ताजी भाजी फक्त परसातून येईल तेवढीच. कांदे-बटाटे मी फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावरूनच स्वस्तात आणते. सॅनिटरी पॅड सगळ्यात वरच्या फळीवर ठेवले आहेत आणि मागून घ्यावे लागतात. ते खाली, हाताला येतील असे ठेवायला हवेत. वयात आलेली मुलगी मागणार नाही, ती तशीच परत जाईल. एकदा मसुरात किडे निघाले. परत नेले, तर दुसरे दिले आणि सगळं पोतं बाजूला काढलं. त्याबद्दल तक्रार नाही.

एक प्रसंग मात्र बोचला. काउंटरवर नवीन मुलगा होता. त्याने मोठ्याने विचारलं, ‘कॅश की गुण?’ माझ्या मागे माझ्याकडे ब्लाउज शिवायला देणारी बाई उभी होती. मी काही न बोलता कार्ड पुढे केलं. नंतर बाईंना सांगितलं. आता कुणी विचारत नाही. कार्ड यंत्राला लावायचं, ते आपोआप कळतं. पण नवीन माणूस ठेवताना हे पहिल्या दिवशीच शिकवायला हवं. इतकी मेहनत करून जपलेली गोष्ट एका प्रश्नाने जाते.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, काय करतात तेही सांगते, कारण गेल्या वर्षी मी पाहिलं. माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळं-भाज्यांच्या छताचं) सामान, नारळ, गूळ, नेवऱ्यांसाठी (करंज्यांसाठी) रवा आणि तूप वेगळ्या फळीवर मांडतात, आणि त्या महिन्यात प्रत्येक खात्यात १०० गुण जास्त. तयार पिशवी कुणाला देत नाहीत. कुणाकडे पाच दिवसांचा गणपती, कुणाकडे दीड दिवसाचा, भाड्याने राहणाऱ्यांकडे कदाचित नसेलही. ज्याचं तो बघून घेतो. आमच्याकडे दीड दिवसाचा. मी नेवऱ्या चाळीस केल्या. दहा दुकानात नेऊन दिल्या, त्याचे गुण घेतले नाहीत. काकींनी तिथेच उभ्या उभ्या एक खाल्ली आणि विचारलं, सारणात वेलची थोडी जास्त आहे का. जास्तच होती.

जाणार असाल तर शनिवारी सकाळी जा. उकडे तांदूळ शुक्रवारी संध्याकाळी येतात आणि सोमवारपर्यंत संपतात. खात्याबद्दल बोलायचं असेल तर काउंटरवर ‘बाईंना भेटायचं आहे’ एवढंच म्हणायचं, पुढे काही सांगावं लागत नाही. आणि देण्यासाठी जाणार असाल तर गव्हाचं पीठ नेऊ नका. नारळ न्या, खोबरेल न्या, किंवा महिन्याची रक्कम बांधून द्या.